गवती चहावर पहारा

सुरुवातीलाच सांगून ठेवतो, त्या संध्याकाळी मी फक्त दोन शब्द बोललो. तेसुद्धा कुणीतरी विचारलं म्हणून. पुढे जे रामायण झालं त्यात माझा वाटा एवढाच, बाकी सगळं सोसायटीचं कर्तृत्व.

आमची सोसायटी मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. इमारतीच्या मागे एक चिंचोळी पट्टी आहे, पट्टीला लागून कुंपणाची भिंत आणि भिंतीपलीकडे थेट जंगल. त्या पट्टीत माझ्या बायकोनं, नीलानं, बाग केली आहे. बाग म्हणजे अळू, कढीपत्ता, ओव्याची पानं आणि गवती चहाचा एक भलामोठा झुबका. अख्ख्या इमारतीला सर्दी झाली तरी पुरेल असा. पावसाळा सरता सरता एका संध्याकाळी ती खाली पाणी घालायला गेली आणि झारी तिथेच टाकून परत आली. पार्किंगमध्ये आम्ही चारपाच जण उभे होतो. तिनं सांगितलं, भिंतीवर बिबट्या बसला होता, माझ्याकडे बघत होता, मग उठला आणि पलीकडे उतरला. तिचा आवाज अगदी साधा होता. दूधवाला येऊन गेला हे ती ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आमचा सेक्रेटरी यज्ञेश म्हणाला, काय हो वैद्यकाका, खरंच? आणि मी म्हणालो, "बोका असेल."

आता माझीही बाजू समजून घ्या. मी उभी हयात एका विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात काढली. समोरचा म्हणाला गाडी चोरीला गेली, की आपण म्हणायचं, कुठे लावून विसरलात ते आधी आठवा. तो म्हणाला दुकान जळलं, की आपण म्हणायचं, धूर झाला असेल. दावा आला की तो आधी अर्ध्यावर आणायचा, मग पुरावा मागायचा, ही आमची कामाची रीत. बिबट्या अर्ध्यावर आणला की बोकाच होतो. त्यात बायकोचा अपमान करायचा हेतू नव्हता, ही निव्वळ सवय होती.

पण मंडळी हसली. कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर मांजराचं चित्र टाकलं. दुसऱ्या दिवशी नीला जिन्यातून उतरत असताना पोरांनी म्यांव केलं, आणि आठवड्याभरात 'बोकाकाकू' हे नाव वरच्या मजल्यापासून वॉचमनपर्यंत रूढ झालं. नीला कुणाला काही बोलली नाही. तिनं खाली जाणं बंद केलं, एवढंच. आमच्या घरात भांडण झालं की आवाज वाढत नाहीत, उलट कमी होतात. जेवण वेळेवर, कपडे इस्त्रीचे, औषधाची गोळी ताटाशेजारी, आणि संभाषण शून्य. संध्याकाळच्या चहात मात्र गवती चहा येईना. मी एकदा भीत भीत विचारलं तर म्हणाली, तो खाली असतो, आणि खाली बोका असतो.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे प्रकरण पुराव्याशिवाय मिटणार नाही. दावा मी फेटाळला होता, आता पुरावाही मीच गोळा करायचा. मी रात्री आपोआप चित्रण करणारा कॅमेरा मागवला. आठ सेलांवर चालणारा हा कॅमेरा झाडाला पट्ट्यानं बांधायचा, समोर काही हललं की तो आपलाआपण सुरू होतो आणि अंधारातही काळीपांढरी फिल्म काढतो. लपून राहावा म्हणून त्याच्यावर पानांची नक्षी होती. ती इतकी झकास होती, की मी तो खोक्यातून काढून आमच्या हिरव्या फुलाफुलांच्या अभ्र्यावर ठेवला आणि मग अर्धा तास शोधत बसलो. नीला समोर लसूण सोलत होती. तिला तो दिसत होता, पण तिनं सांगितलं नाही.

कॅमेरा आल्याची बातमी माझ्याआधी देवव्रतना कळली. देवव्रत दुसऱ्या मजल्यावर राहतात, बँकेतून निवृत्त, आणि आमच्या इमारतीतले वन्यजीवतज्ज्ञ. त्यांनी सहा वेळा ताडोबा केलं आहे आणि सहाही वेळा वाघ कालच येऊन गेला होता. ते जंगलात घालायची टोपी घालून माझ्या दिवाणखान्यात आले. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर हवा, तोंड उत्तरेला हवं, आणि मुख्य म्हणजे बिबट्याला अत्तराचा वास आवडतो, हे त्यांनी मला सांगितलं. भाच्याच्या लग्नात मिळालेली हिना अत्तराची कुपी माझ्याकडे पडून होती. ती पुढे मी भिंतीवर शिंपडली. बिबट्याचं माहीत नाही, मुंग्यांना मात्र ती फार आवडली.

पण शिंपडण्याआधी परवानगीचं आलंच. मी कायद्यानं चालणारा माणूस. यज्ञेशकडे अर्ज घेऊन गेलो. यज्ञेश तरुण आहे, हुशार आहे, कुठल्याशा कंपनीत मॅनेजर आहे आणि सोसायटी त्याच पद्धतीनं चालवतो. त्या दिवसांत आमच्या पुनर्विकासाची बोलणी चालू होती. बिल्डरनं छापलेल्या रंगीत पत्रकावर मोठ्या अक्षरांत 'जंगलाच्या कुशीत' असं लिहिलं होतं. यज्ञेश म्हणाला, काका, कुशीत म्हणजे एवढं कुशीत नाही. बिबट्या शोधायला परवानगी दिली म्हणजे बिबट्या आहे असं सोसायटीनं मान्य केल्यासारखं होईल. वनखात्याचं लेखी पत्र आणा, मग बघू.

वनखात्याचे साहेब फार सज्जन निघाले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हणालो, आमच्या भिंतीवर बिबट्या दिसला. ते म्हणाले, बरं. मी म्हणालो, म्हणजे आहे का तिथे? ते म्हणाले, जंगल आहे म्हटल्यावर असायचाच, नाहीसा झाला तर कळवा. मी म्हणालो, हेच लेखी द्या. तेव्हा ते जरा अवघडले. म्हणाले, तुमच्याच भिंतीवर अमुक दिवशी आला, असं पाहिल्याशिवाय लेखी कसं देणार, फोटोबिटो असेल तर आणा. म्हणजे फोटोसाठी परवानगी, परवानगीसाठी पत्र आणि पत्रासाठी फोटो. खोटं कशाला बोलू, माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर दाटून आला. आयुष्यभर मी लोकांना असंच फिरवलं होतं, पण इतक्या गोड हसून नाही.

यातून वाट काढली ती बाळा परबनं. बाळा तळमजल्यावर आईबरोबर राहतो, फ्रीज आणि एसी दुरुस्तीची कामं करतो. त्याचे वडील गिरणीत होते, मूळ गाव कणकवलीकडचं. तो म्हणाला, "काका, तुम्ही बिबट्याचं नावच कशाला काढता यार? गवती चहा चोरीला जातो म्हणून सांगा ना."

वास्तविक गवती चहा चोरीला जात नव्हता, सगळी इमारत तो राजरोस न्यायची. पण अर्जात मी 'सामाईक जागेतील वनस्पतींच्या संरक्षणार्थ' असं लिहिलं आणि यज्ञेशनं त्याच दिवशी सही केली. त्याचा परिणाम मात्र मी धरलाच नव्हता. वैद्यांनी गवती चहावर कॅमेरा लावलाय, ही बातमी फुटली आणि लोक माझ्याशी फारच अदबीनं वागायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या शर्मिष्ठाबाई वाटीभर खोबऱ्याच्या वड्या घेऊन आल्या. म्हणाल्या, मी आपली दोनच पाती घेते हो, तीही सुकलेली. एकानं बाजारातून गवती चहाची जुडी आणून माझ्या दाराला अडकवली. सोसायटीत इतकी इज्जत मला उभ्या जन्मात मिळाली नव्हती, आणि ती सगळी गवतावर उभी होती.

कॅमेरा भिंतीलगतच्या जांभळीला बांधला. बांधताना बाळाची आई, रुक्मिणीबाई, नारळ घेऊन आली. या बाईचं एक म्हणणं पहिल्यापासून होतं, की दिवेलागणीनंतर मागल्या बाजूला जाऊ नये, तिथे राखणदार, म्हणजे जागेची राखण करणारा देव, फिरतो. आम्ही शिकलेली माणसं तिच्याकडे बघून मान डोलवायचो आणि पुढे जायचो. तिच्या सांगण्यावरून बाळानं रीतसर गाऱ्हाणं घातलं. बा देवा राखणदारा, ह्या लेकरान आज जो काय कॅमेरो बांधल्यान हा, तेका यश दी, तेच्या घरात जा काय बिनसला आसात ता सरळ कर, रे म्हाराजा. आणि मी, विम्याचा निवृत्त अधिकारी, हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हणालो. माझ्या घरातलं बिनसलेलं इमारतभर माहीत होतं, हे मला तिथे कळलं.

रोज सकाळी कॅमेऱ्यातलं कार्ड काढायचं आणि कॉम्प्युटरला लावून बघायचं, असा माझा दिनक्रम झाला. पहिले काही दिवस फक्त अळूची पानं हलताना दिसली. मग एक मुंगूस आलं. मग घुशी आल्या, त्या रोज येतात असं दिसलं आणि मी अळूची भाजी सोडली. एके सकाळी तर चक्क यज्ञेश दिसला. बर्म्युडा घालून आला, डावीउजवीकडे बघितलं आणि कचऱ्याची भरलेली पिशवी भिंतीवरून जंगलात भिरकावली. ओला कचरा वेगळा न ठेवल्याबद्दल मला दंड करणारा हाच तो सेक्रेटरी. पिशवीमागे कुत्री धावली. कचऱ्याला कुत्री येतात आणि कुत्र्यांना बिबट्या, हे देवव्रतनी मला शिकवलंच होतं. मी ती फिल्म वेगळी जपून ठेवली. सज्जन माणसाकडेही थोडा दारूगोळा असावा.

आणि मग तो दिवस उजाडला. कार्ड लावलं तर काळोखात, पानांच्या मागे, दोन गोल डोळे लखलखत होते. ते हळूहळू पुढे आले, थबकले, एकदम खाली गेले आणि नाहीसे झाले. मी धावत देवव्रतकडे गेलो. त्यांनी तीनदा बघितलं, टोपी काढली आणि सांगितलं, पूर्ण वाढलेला नर आहे, डोळ्यांतलं अंतर बघा. मी तिथेच उभ्या उभ्या ती फिल्म ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'हा घ्या पुरावा. माझ्या पत्नीची माफी मागावी.' गंमत बघा, लोकांनी माफी मागायची हे सुचलं, आपण मागायची हे नाही सुचलं.

इमारतीत एकच धांदल उडाली. पोरांचं खेळणं बंद झालं. कुणीतरी ती फिल्म बिल्डरच्या माणसाला पाठवली आणि त्यानं दुपारची भेट रद्द केली. मी विजयी मुद्रेनं घरात शिरलो आणि मोबाइल नीलासमोर धरला. तिनं हात पुसले, बघितलं, पुन्हा बघितलं.

"तुमचा चष्मा आहे तो," ती म्हणाली. "उजव्या काडीला मीच दोरा गुंडाळलाय. दिसतोय बघा."

दिसत होता. आदल्या दिवशी अंधार पडल्यावर मी सेल तपासायला खाली गेलो होतो, आणि वाकून आत डोकावलो होतो. पूर्ण वाढलेला नर मीच होतो.

मला वाटलं ती हसेल. हसली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली, आणि कित्येक दिवसांनी माझ्याशी सलग बोलली. "तुम्हाला काय वाटतं, मला लोकांचा राग आलाय? लोक हसणारच, त्यांचं काय. तुम्ही हसवलंत. तीस वर्षांत मी तुम्हाला एक तरी खोटी गोष्ट सांगितली आहे का? मग माझ्या शब्दाला आठ सेल लागतात होय हो?"

कॅमेरा आणून मी तिची बाजू घेतोय असं मी समजत होतो, आणि इकडे रोज सकाळी कार्ड तपासून मी तिला रोज नव्यानं खोटी ठरवत होतो. हे कळलं तरी तोंडातून दोन शब्द निघेनात. नको ते दोन शब्द मात्र त्या दिवशी किती पटकन निघाले होते.

चष्म्याची गोष्ट लपणार कशी? ग्रुपवर जे झालं ते इथे लिहीत नाही, मलाही थोडी अब्रू आहे. पण यज्ञेशनं ते मनावर घेतलं. बिल्डरसमोर सोसायटीची शोभा झाली म्हणून त्यानं दसऱ्यानंतरच्या रविवारी खास सभा बोलावली. ठराव असा होता, की बिबट्याची अफवा पसरवल्याबद्दल सौ. नीला वैद्य यांनी लेखी दिलगिरी द्यावी. मी त्याला जाऊन म्हणालो, अरे, चष्मा माझा, फिल्म मी टाकली, दिलगिरी मी देतो. तो म्हणाला, काका, तुमची चूक आहे, अफवा त्यांची. सुरुवात कुणी केली ते महत्त्वाचं. मी घरी येऊन नीलाला सांगितलं. ती म्हणाली, मी लिहून देणार नाही, बघितलं ते बघितलं. पण तिचा आवाज कापरा होता. माझ्या देखत तिचा आवाज कापरा झालेला मी फार कमी वेळा ऐकलाय.

आता मला खरोखरीचा बिबट्या हवाच होता. मी नवे सेल घातले, पानं छाटली, देवव्रतचा सल्ला घेणं बंद केलं. आणि नेमका दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात हे तुम्हाला सांगायला नको. बाळानं सकाळी आपली पक्कडपान्यांची पेटी पुजली, स्कूटर पुजली, सोसायटीचा पाण्याचा पंप पुजला, आणि वैद्यकाकांचं एवढं महत्त्वाचं यंत्र बिनपूजेचं कसं ठेवायचं, म्हणून कॅमेऱ्याला हळदकुंकू लावून झेंडूची घसघशीत माळ घातली. ती काचेसमोरच लोंबत राहिली. मनापासून केलं हो त्यानं सगळं. मला पत्ता नव्हता, कारण मी तेव्हा बहिणीकडे भांडुपला सोनं द्यायला गेलो होतो, आणि मुक्कामाला राहिलो.

सभेच्या आदल्या दिवशी परत येऊन कार्ड लावलं तर शेकडो फिल्मा. आनंदानं पहिली उघडली, झेंडू. दुसरी उघडली, झेंडू. वाऱ्यानं माळ हलली की कॅमेरा सुरू, आणि त्याच्या उजेडात फुलं पांढरीफटक. दोन दिवस माझ्या कॅमेऱ्यानं जिवाचं रान करून एका माळेचं चित्रण केलं होतं. पंधरावीस बघितल्या आणि मी कॉम्प्युटर बंद केला. वाट लागली म्हणतात ती अशी.

त्याच दिवशी दुपारी यज्ञेश घरी आला, पेढ्यांचा पुडा घेऊन. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग त्यानं हळूच विचारलं, त्या कॅमेऱ्यात माणसंही दिसतात का हो? मी म्हणालो, दिसतात, बर्म्युडासकट दिसतात. त्याचा चेहरा उतरला. मग तो मॅनेजरसारखा बोलायला लागला. ती फिल्म उडवून टाका, मी ठराव मागे घेतो, विषय संपला. मला तर देव पावल्यासारखं झालं. नीला आतून सगळं ऐकत होती. तो गेल्यावर बाहेर आली आणि पेढ्यांचा पुडा न उघडताच कपाटावर ठेवला.

"म्हणजे मी खोटी ती खोटीच," ती म्हणाली. "फक्त लेखी नाही."

यज्ञेशचा सौदा मी फोन करून नाकारला, आणि रविवारी सकाळी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. इतर वेळी सभेला गणसंख्या भरत नाही म्हणून अर्धा तास तहकूब करावी लागते, त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. नीला माझ्या शेजारी बसली होती, चांगली साडी नेसून, पर्स मांडीवर घट्ट धरून. यज्ञेशनं ठराव वाचला. वाचताना तो सारखा माझ्या खिशाकडे बघत होता. मग म्हणाला, कुणाला काही बोलायचं आहे का?

मी उभा राहिलो. मोबाइल खिशात होता, त्यात बर्म्युडाही होता. तो बाहेर काढला असता तर सभा पाच मिनिटांत आटोपली असती. पण मग पुन्हा मी काहीतरी दाखवतोय, आणि नीला बाजूला बसून आहे, असंच झालं असतं. मी मोबाइल तसाच राहू दिला.

"मी तीस वर्षं लोकांकडे पुरावे मागितले," मी म्हणालो. "आज माझ्याकडे पुरावा नाही. कॅमेऱ्यात फक्त झेंडू आहे. पण नीला म्हणाली बिबट्या होता, म्हणजे होता. बोका असेल असं मी म्हणालो, ती अफवा. ती मी पसरवली. दिलगिरी लिहायची असेल तर कागद मला द्या, आणि ती तुमच्याकडे नाही, हिच्याकडे लिहायची आहे."

मी बसलो. नीलानं माझ्याकडे बघितलं नाही, पण पर्स मांडीवरून उचलून खाली ठेवली. एवढ्यात मागून रुक्मिणीबाई उठल्या. त्या सभेत कधी बोलत नाहीत, चहा झाला की जातात. पदर सावरून म्हणाल्या, "मी दोनदा बघलंय तेका. पण तेचा नाव घेवचा नसता, म्हणान गप रवलंय. ह्या बायन खरा सांगल्यान, तर तुमी तिका हसलास."

राखणदार, राखणदार म्हणून ही बाई इतके दिवस काय सांगत होती, ते तेव्हा कुठे आमच्या डोक्यात शिरलं. मग शर्मिष्ठाबाई म्हणाल्या, मला पण एकदा भिंतीवर शेपूट दिसली होती, पण आपलंही नाव बोकाकाकू पडेल म्हणून नाही बोलले. देवव्रतनी टोपी हातात घेतली आणि ठरावाला आपला विरोध असल्याचं इतिवृत्तात नोंदवा म्हणाले. चष्म्याला नर ठरवल्याचं प्रायश्चित्त असावं. हात वर करायला सांगितलं तेव्हा ठरावाच्या बाजूनं यज्ञेशचासुद्धा हात वर गेला नाही. जाताना तो माझ्याजवळ आला आणि खालच्या आवाजात थँक्यू म्हणाला. मी त्याला सांगितलं, फिल्म उडवतो, पण पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकत जा रे बाबा. तो हो म्हणाला. टाकतो की नाही देव जाणे, मी आता कुणाचे पुरावे ठेवत नाही.

त्या संध्याकाळी नीला झारी घेऊन खाली गेली. मी गॅलरीतून बघत होतो. तिनं अळूला पाणी घातलं, सुकलेली पानं काढली, भिंतीकडे एकदा नीट बघून घेतलं आणि मूठभर गवती चहा तोडून वर आली. पोरं जिन्यात होती. कुणीही म्यांव केलं नाही. चहाचा वास घरभर पसरला आणि मला उगाचच भरून आलं. मी कपाटावरून पेढ्यांचा पुडा काढला. तिनं एक पेढा घेतला, अर्धा मोडून मला दिला.

चहा पिता पिता मी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. बघायला नाही, मोकळं करायला. यज्ञेशची फिल्म उडवली. झेंडूच्या फिल्मा एकदम उडवायचं कुठलं बटण असतं ते मला माहीत नाही, म्हणून एकेक उघडून पुसत होतो. नीला शेजारी गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. झेंडू, पुसला. झेंडू, पुसला. अशा कितीतरी पुसल्यावर एका फिल्मेत माळ वेगळीच हलली. वाऱ्यानं हलते तशी नाही. कुणीतरी तिला नाकानं ढकलत होतं. माळ बाजूला सरकली आणि काचेवर एक ओलं नाक टेकलं. मग मिशा दिसल्या. मग तो मागे झाला, आरामात भिंतीवर चढला आणि बसला. अंगभर ठिपके, भिंतीवरून खाली सोडलेली लांबलचक शेपूट, आणि तोंड थेट आमच्याकडे.

मी खुर्चीवरून उठलो. जिभेवर नुसतं नीला, नीला, एवढंच येत होतं. दसऱ्याच्याच रात्रीची फिल्म. सभेच्या वेळी ती माझ्या घरात पडून होती. मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता ग्रुपवर टाकतो, यज्ञेशला पाठवतो, वनखात्याच्या साहेबांना पाठवतो, ताडोबावाल्यांना तर घरी जाऊन दाखवतो. अगं बघ तरी, बघ ना एकदा.

तिनं हात पदराला पुसले. पुढे वाकून ती फिल्म शेवटपर्यंत बघितली, पुन्हा लावायला सांगितली, पुन्हा बघितली. मग कपातला उरलेला घोट घेतला.

"बोका असेल," ती म्हणाली, आणि गवारीची पुढची शेंग मोडायला घेतली.